ऑडिओ कोडेक डिव्हाइस ट्रीमध्ये कसा मांडायचा: एसजीटीएल५००० धरून टप्प्याटप्प्याने

बोर्ड बूट होतो, साउंड कार्डांच्या यादीत नाव दिसतं, एप्ले (अल्सा या लिनक्सच्या ध्वनिप्रणालीतलं फाइल वाजवायचं साधन) तक्रार न करता फाइल वाजवून संपवतं आणि हेडफोनमध्ये मात्र शुकशुकाट. नाहीतर आवाज येतो, पण फाटका. मग अल्सामिक्सरमधल्या दांड्या वरखाली करण्यात दुपार जाते, आणि शेवटी दुसऱ्याच कुठल्या बोर्डाची डीटीएस फाइल उचलून चिकटवली जाते. दोष बहुतेक वेळा डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलं आहे हे लिनक्स कर्नलला सांगणाऱ्या वर्णनाच्या (डीटीएस हा त्याचाच मजकूर), मोजक्या ओळींत असतो. त्या ओळी चुकतात, कारण त्या लिहिताना स्कीमॅटिक बंद असतं.

उदाहरणासाठी एसजीटीएल५००० हा कोडेक, म्हणजे डिजिटल आणि अ‍ॅनालॉग आवाजात अदलाबदल करणारी चिप, घेतो आहे. आय-एमएक्स कुटुंबातल्या बऱ्याच बोर्डांवर तो आहे, त्याचं बाइंडिंग (त्याच्या नोडमध्ये, म्हणजे डिव्हाइस ट्रीतल्या नोंदीत, कुठल्या प्रॉपर्टी लिहायच्या याचे नियम) छोटं आहे, आणि चुका करायला लागणारी सगळी सामग्री त्यात आहे. प्रॉपर्टींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती बाइंडिंगमधल्याच स्पेलिंगने आणि त्याच लहान-मोठ्या अक्षरांत जायला हवीत. हा लहान-मोठ्याचा मुद्दा पुढे महागात पडतो.

## आधी ठरवा: ही गोष्ट डिव्हाइस ट्रीत येते का?

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे बदलायचं झालं तर सोल्डरिंग आयर्न हातात घ्यावं लागेल का? उत्तर हो असेल तर ती गोष्ट डिव्हाइस ट्रीची. कोडेकला कुठल्या रेलवरून (पुरवठ्याच्या ओळीवरून) वीज मिळते, मास्टर क्लॉक कुठून येतो, हेडफोनचा जॅक कुठल्या पिनला जोडला आहे, हे सगळं तिथे. सुरुवातीचा व्हॉल्यूम किती, डीफॉल्ट इनपुट कुठलं, गाणी कुठल्या सॅम्पल रेटने वाजवायची, हे तिथे नाही. ते अल्साच्या साठवलेल्या स्थितीत किंवा यूसीएमच्या (वापरानुसार अल्साची सेटिंग्ज ठेवणाऱ्या) फाइलमध्ये जातं. बाइंडिंगमध्ये व्हॉल्यूमची प्रॉपर्टी घालणारा पॅच परत येतो, आणि यायलाच हवा.

गोंधळ होतो तो मधल्या गोष्टींवर. माइक बायसचं (माइकला चालायला लागणाऱ्या पुरवठ्याचं) व्होल्टेज कोडेकच्या रजिस्टरमध्ये लिहिलं जातं, म्हणजे चालू बोर्डावरही बदलता येतं. मग ते सॉफ्टवेअरचं नाही का? नाही. ते किती असावं हे बोर्डावर बसवलेली माइकची कॅप्सूल ठरवते. रजिस्टरमध्ये बिट आहे एवढ्यावरून निर्णय करू नका. त्या बिटाची किंमत कोण ठरवतं ते बघा.

## तयारी

फाइल उघडण्याआधी चार गोष्टी समोर हव्यात: बोर्डाचं स्कीमॅटिक (नेमक्या त्याच रिव्हिजनचं), कोडेकची डेटाशीट, तुमच्या कर्नलच्या सोर्समधली बाइंडिंगची यॅमल फाइल, आणि एसओसीच्या (मुख्य प्रोसेसर चिपच्या) मूळ डीटीएसआय फाइलमधला, म्हणजे बोर्डाची डीटीएस जी फाइल आत घेते तिच्यातला, ऑडिओ पोर्टचा नोड. बाइंडिंग इंटरनेटवर शोधून वाचू नका. तिथे सर्वात नवं मिळतं, तुमचा कर्नल जुना असू शकतो.

स्कीमॅटिक बघत कागदावर ही उत्तरं लिहा:

- कोडेक कुठल्या आय-टू-सी (चिपांना आज्ञा पोचवणाऱ्या दोन तारांच्या) बसवर आहे, पत्ता ठरवणारी पिन वर बांधली आहे की खाली?
- व्हीडीडीए (अ‍ॅनालॉग), व्हीडीडीआयओ (पिनांचा) आणि व्हीडीडीडी (डिजिटल) या तीन पुरवठ्यांवर किती व्होल्ट आहेत आणि ते कुठून येतात?
- एमक्लॉक (मास्टर क्लॉक) स्वतंत्र ऑसिलेटरचा आहे की एसओसीच्या पिनवरून येतो? फ्रिक्वेन्सी किती?
- बिट क्लॉक (दर बिटाची टिकटिक) आणि फ्रेम क्लॉक (दर सॅम्पलची) कोणी द्यायचा?
- माइकला बायस कोडेककडून मिळतो की बाहेरच्या रेझिस्टरमधून?
- कुठली पिन कुठल्या जॅकला किंवा स्पीकरला जाते?

एकाचंही उत्तर अंदाजाने लिहू नका. हार्डवेअरवाल्याला विचारा, तो वैतागला तरी चालेल.

## टप्पा १: बस आणि पत्ता

हा सोपा भाग. नोडचं नाव सर्वसाधारण ठेवा, म्हणजे ऑडिओ-कोडेक, आणि त्यापुढे पत्ता. एसजीटीएल५००० चा पत्ता हेक्स ०ए. मोठ्या ३२ पिनांच्या पॅकेजमध्ये पत्त्याची पिन वर बांधली असेल तर २ए. नोडच्या नावात सुरुवातीचं शून्य लिहायचं नाही, नुसतं 'ए'.

डेटाशीटमधला पत्ता ७ बिटांचा आहे की ८ बिटांचा, हे बघून घ्या. डब्ल्यूएम८९६० च्या डेटाशीटमध्ये ३४ दिसतं, डिव्हाइस ट्रीत मात्र १ए लिहायचं असतं, कारण लिनक्सला शेवटचा वाचा-लिहा बिट वगळून पत्ता लागतो.

कम्पॅटिबलमध्ये (ज्या नावावरून ड्रायव्हर जुळतो त्या प्रॉपर्टीत) 'एफएसएल' हाच उपसर्ग राहील. फ्रीस्केल आता एनएक्सपीत विलीन झाली आहे म्हणून तो 'सुधारायला' जाऊ नका. ड्रायव्हर जुन्याच नावाने जुळतो. साउंड-डाय-सेल्स शून्य, हेही इथेच. ते विसरलं तर कोडेकचा ड्रायव्हर व्यवस्थित चढतो आणि कार्ड मात्र बनत नाही.

## टप्पा २: वीजपुरवठा

इथे लोक सर्वात जास्त घाई करतात. 'रेल तर कायम चालू आहे, कर्नलला सांगायची काय गरज?' असं म्हणून सप्लायच्या ओळी गाळतात. पुष्कळ चिपांच्या बाबतीत ते खपूनही जातं: कर्नल डमी रेग्युलेटर जोडतो, लॉगमध्ये एक ओळ टाकतो आणि पुढे जातो.

एसजीटीएल५००० ला ते खपत नाही. त्याचा ड्रायव्हर रेग्युलेटरला नुसतं चालू करत नाही, त्याचं व्होल्टेज किती आहे तेही विचारतो. त्या आकड्यावर दोन निर्णय होतात. व्हीडीडीए आणि व्हीडीडीआयओ दोन्ही ३.१ व्होल्टच्या खाली असतील तर आतला चार्ज पंप चालू करायचा. आणि अ‍ॅनालॉग ग्राउंडचं संदर्भ व्होल्टेज व्हीडीडीएच्या निम्म्यावर ठेवायचं. डमी रेग्युलेटरकडे आकडाच नसतो. मग 'रेग्युलेटर व्होल्टेज नॉट सेट करेक्टली' असा संदेश येतो आणि प्रोब (ड्रायव्हर चढण्याची क्रिया) तिथेच थांबतो.

प्रोब थांबला तर निदान कळतं तरी. बोर्डावर १.८ व्होल्ट आहेत आणि तुम्ही दुसऱ्या बोर्डाच्या फाइलमधला ३.३ चा नोड तसाच आणला, तर सगळं चढतं, वाजतंही. पण संदर्भ व्होल्टेज भलतीकडे असतं आणि मोठा आवाज एका बाजूने कापला जातो. हा दोष मिक्सरमधून कधीच सापडणार नाही.

करायचं असं:

१. रेल पीएमआयसीवरून (वीज सांभाळणाऱ्या चिपवरून) येत असेल तर त्या पीएमआयसीच्या रेग्युलेटर नोडचा फँडल (त्या नोडाकडे बोट दाखवणारा संदर्भ) द्या.
२. साध्या एलडीओवरून (छोट्या व्होल्टेज रेग्युलेटरवरून) येत असेल तर रेग्युलेटर-फिक्स्ड नोड बनवा. किमान आणि कमाल मायक्रोव्होल्ट दोन्ही तेच, म्हणजे ३.३ व्होल्टला ३३०००००. मिलिव्होल्ट समजून ३३०० लिहिण्याची चूक नेहमीची.
३. एलडीओ जीपीआयओने चालू होत असेल आणि ती पिन वर गेल्यावर चालू होत असेल, तर एनेबल-अ‍ॅक्टिव्ह-हाय लिहा. फक्त जीपीआयओच्या फ्लॅगमध्ये अ‍ॅक्टिव्ह हाय लिहून भागत नाही.
४. व्हीडीडीडीला बाहेरून पुरवठा असेल तरच व्हीडीडीडी-सप्लाय द्या. ती ओळ नसली की ड्रायव्हर चिपचा आतला एलडीओ वापरतो. म्हणून बाहेरची रेल असताना ही ओळ गाळणं किंवा नसताना घालणं, दोन्ही चूक.

सावधान: या प्रॉपर्टींतला व्हीडीडीएचा भाग मोठ्या अक्षरांत आहे. लहान अक्षरांत लिहिला तर कर्नल ओळखत नाही आणि ओळखलं नाही असं सांगतही नाही. डमी रेग्युलेटर लावून मोकळा होतो.

## टप्पा ३: एमक्लॉक

एसजीटीएल५००० ला एमक्लॉक मिळत नसेल तर तो आय-टू-सीवर बोलतच नाही. यामुळे एक हमखास फसवणूक होते. बोर्ड आला, आय-टू-सी-डिटेक्ट (बसवरच्या चिपा शोधणारं साधन) चालवलं, ०ए च्या घरात दोन आडव्या रेघा दिसल्या, आणि 'चिप मेली' असा निकाल लागला. प्रत्यक्षात एसओसीची क्लॉकची पिन अजून चालूच केलेली नसते. ड्रायव्हर आधी क्लॉक चालू करतो आणि मग चिपचा आयडी वाचतो, म्हणून क्लॉक्स ही प्रॉपर्टी बरोबर असेल तर हा प्रश्न येत नाही.

स्वतंत्र ऑसिलेटर असेल तर फिक्स्ड-क्लॉक नोड बनवा, क्लॉक-सेल्स शून्य, फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये, आणि कोडेकच्या नोडमधून त्याचा फँडल द्या. एसओसीची पिन असेल तर तीन गोष्टी एकत्र लागतात: क्लॉकचा फँडल, त्या पिनचं पिनमक्स (पिन कुठल्या कामाला लावायची ती निवड), आणि असाइन्ड-क्लॉक्सच्या ओळींतून पालक क्लॉक आणि दर. पिनमक्स सर्वात जास्त विसरलं जातं. क्लॉक आत व्यवस्थित फिरत असतो, पिनवर मात्र काही नाही.

आता आकडा. पीएलएल (एका क्लॉकमधून वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा क्लॉक बनवणारं सर्किट) न वापरता चालवायचं तर एमक्लॉक सॅम्पल रेटच्या २५६, ३८४ किंवा ५१२ पट हवा. ४८ किलोहर्ट्झसाठी १२.२८८ मेगाहर्ट्झ म्हणजे २५६ पट, २४.५७६ म्हणजे ५१२ पट. बोर्डावर २४ मेगाहर्ट्झ असेल तर भागाकार ५०० येतो, तो या तिन्हींत बसत नाही. तेव्हा कोडेकचा पीएलएल लागतो, आणि ड्रायव्हर तो फक्त कोडेक स्वतः बिट क्लॉक आणि फ्रेम क्लॉक देत असेल तेव्हाच वापरतो. नाहीतर वाजवायला घेतल्याक्षणी 'पीएलएल नॉट सपोर्टेड इन स्लेव्ह मोड' ही ओळ लॉगमध्ये येते. म्हणून एमक्लॉकचा आकडा कळल्याशिवाय क्लॉक कोण देणार ते ठरवू नका.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट दिसते. १२.२८८ चा ठाम ऑसिलेटर आणि कोडेक स्लेव्ह (बिट आणि फ्रेम क्लॉक बाहेरून घेणारा) असेल तर ४८ आणि ३२ किलोहर्ट्झ चालतील, पण ४४.१ चालणार नाही. ती अडचण बोर्डाच्या रचनेतच आहे, डिव्हाइस ट्रीत काहीही लिहून सुटणार नाही.

तपासा: डीबग-एफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींमधल्या) क्लॉकच्या सारांशात तुमचा क्लॉक शोधा. चालू असल्याची गणती शून्य नसावी आणि दर अपेक्षित असावा. मग ऑसिलोस्कोपचा प्रोब कोडेकच्या पिनवर ठेवा. दोन्ही जुळलं तरच पुढे.

## टप्पा ४: कोडेकच्या स्वतःच्या सेटिंग्ज

बाइंडिंगमध्ये माइक बायसच्या दोन आणि पिनच्या ताकदीच्या दोन प्रॉपर्टी आहेत.

माइक बायसचा रेझिस्टर किलो-ओहममध्ये: ०, २, ४ किंवा ८. शून्य म्हणजे बायस बंद. माइकला बाहेरून बायस दिलेला असेल तर हाच आकडा. काहीच लिहिलं नाही तर ४ धरला जातो. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये: १२५० ते ३०००, दर २५० च्या पायरीने. काहीच लिहिलं नाही तर १२५०. माइकचा आवाज बारीक येतो म्हणून गेन वाढवत राहणाऱ्यांनी आधी ही ओळ आहे का ते बघावं. बऱ्याच कॅप्सूलांना सव्वा व्होल्ट पुरत नाही.

वरची मर्यादाही आहे. बायस व्हीडीडीएपेक्षा किमान २०० मिलिव्होल्ट खाली असावा असं डेटाशीट सांगते, नाहीतर पुरवठ्यातली खरखर थेट माइकमध्ये उतरते. व्हीडीडीए १.८ असेल तर उरले १.६, पायरीत बसणारा आकडा १५००. तिथे ३.३ व्होल्टच्या बोर्डावरून उचललेला २२५० लिहिलेला असला तरी स्कीमा (बाइंडिंगवरून होणारी आपोआप तपासणी) काही बोलणार नाही, कारण तो परवानगीच्या कक्षेत आहे.

एलआरक्लॉक (फ्रेम क्लॉक) आणि एसक्लॉकच्या (बिट क्लॉकच्या) ताकदीसाठी ० ते ३ असे आकडे. तेच आकडे वेगवेगळ्या व्हीडीडीआयओला वेगवेगळा करंट देतात: १ म्हणजे १.८ व्होल्टला १.६६ मिलिअँपिअर, ३.३ व्होल्टला ४.०२. शून्य म्हणजे पिनची ताकद बंद. ट्रॅक लांब असेल किंवा मधे कनेक्टर असेल आणि क्लॉकच्या कडा मळलेल्या दिसत असतील तरच वाढवा. 'जास्त ताकद बरी' म्हणून सरसकट ३ लिहिलं की रेडिएशनच्या चाचणीत कोणीतरी तुमचं नाव काढतं.

## टप्पा ५: कार्ड आणि लिंक

कोडेकचा नोड एकटा आवाज काढत नाही. एसओसीचा ऑडिओ पोर्ट आणि कोडेक यांना जोडणारा कार्डाचा नोड लागतो. साध्या बोर्डाला सिंपल-ऑडिओ-कार्ड पुरतं. त्यात सीपीयूचा एक उपनोड, कोडेकचा एक, दोघांत साउंड-डायचा फँडल, आणि फॉरमॅट.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे बिटक्लॉक-मास्टर आणि फ्रेम-मास्टर. यांना फँडल द्यायचा तो कार्डामधल्या उपनोडाचा, आय-टू-सीखालच्या कोडेकच्या नोडाचा नाही. आय-टू-सीवाला दिला तर फाइल कंपाइल होते, कार्डही बनतं, पण मास्टर ठरवताना तुलना जुळत नाही आणि क्लॉकची दिशा उलटते. कोडेकने क्लॉक द्यावा असं तुम्ही समजता, पण ते काम एसओसीकडे जातं. कोलिब्री आय-एमएक्स७ च्या डीटीएसआयमध्ये कोडेकच्या उपनोडालाच लेबल देऊन तेच दोन्हीकडे वापरलं आहे. ती मांडणी डोळ्यांखालून घाला.

एमक्लॉक-एफएस ही प्रॉपर्टी दर वेळी लिहू नका. एसओसीला एमक्लॉक बदलता येत असेल तरच तिला अर्थ आहे. ठाम ऑसिलेटर असताना २५६ लिहिलं, तर कार्ड कोडेकला सॅम्पल रेटच्या २५६ पट आकडा सांगू पाहतं आणि ऑसिलेटर आपल्याच गतीने चालत राहतो.

एसओसीच्या ऑडिओ पोर्टचा स्टेटस 'ओके' करायला विसरू नका. डीटीएसआयमध्ये तो सहसा बंद असतो. आय-एमएक्स६ वर मधे ऑडमक्सही (ऑडिओ पोर्ट एकमेकांना जोडणारा स्विच) येतो. फ्रीस्केलचं खास कार्ड-बाइंडिंग वापरत असाल तर तिथले पोर्ट १ पासून मोजायचे, हार्डवेअर मॅन्युअलप्रमाणे.

## टप्पा ६: राउटिंग

राउटिंग म्हणजे शब्दांच्या जोड्यांची यादी. प्रत्येक जोडीत आधी आवाज जिथे पोचतो ती जागा, मग जिथून निघतो ती. हेडफोनसाठी 'हेडफोन जॅक' आधी, 'एचपी_आउट' नंतर. माइकसाठी उलटं दिसतं: 'माइक_इन' आधी, 'माइक जॅक' नंतर. बाणाच्या दिशेने वाचायची सवय असलेला माणूस इथे हमखास उलटी जोडी लिहितो.

माइकला आणखी एक जोडी लागते: 'माइक जॅक' आणि 'माइक बायस'. ती नसेल तर टप्पा ४ मध्ये कितीही अचूक व्होल्टेज दिलं असलं तरी रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर बायसचा पुरवठा कोणी चालू करत नाही.

कोडेकच्या बाजूची नावं ड्रायव्हरमध्ये आहेत तशीच, अक्षरशः. जॅकची नावं तुमची, पण ती विजेट्सच्या (जॅक, स्पीकर अशा घटकांच्या) यादीत जाहीर केलेली हवीत. बोर्डावर लाइन-इन जोडलेलंच नसेल तर त्याची जोडी लिहू नका.

## टप्पा ७: तपासणी

बूट करण्याआधी स्कीमा चालवा. पिपने डीटीस्कीमा बसवा, मग मेक डीटीबीएस_चेक. सगळ्या फाइलींचा पसारा नको असेल तर डीटी_स्कीमा_फाइल्समध्ये फक्त कोडेकच्या बाइंडिंगचं नाव द्या. कर्नल अनोळखी प्रॉपर्टीकडे निमूटपणे दुर्लक्ष करतो, स्कीमा करत नाही. लहान अक्षरांतली ती सप्लायची ओळ इथेच पकडली जाते.

बूट झाल्यावर या क्रमाने बघा. क्रम सोडला की भलतीकडे शोध लागतो.

१. प्रॉक-मधली डिव्हाइस ट्री डीटीसीने परत मजकुरात आणा आणि तुमचे बदल त्यात आहेत का बघा. बूटलोडर जुनीच डीटीबी (कंपाइल झालेली डिव्हाइस ट्री) चढवत असतो, हे वाटतं त्यापेक्षा फार वेळा घडतं.
२. आय-टू-सी-डिटेक्टमध्ये ०ए च्या घरात 'यूयू' दिसायला हवं. म्हणजे ड्रायव्हर बसला.
३. कार्ड नसेल तर डीबग-एफएसमधली डिव्हाइसेस_डिफर्ड ही फाइल वाचा. कोण कोणासाठी थांबलंय ते कळतं. बहुधा बंद राहिलेला ऑडिओ पोर्ट निघतो.
४. कार्ड असेल तर स्पीकर-टेस्ट, आणि त्याच वेळी स्कोपवर तिन्ही क्लॉक.
५. हे सगळं झाल्यावर अल्सामिक्सर.

आवाज येतो पण विकृत आहे, तर फॉरमॅट बघा. एका बाजूला आय-टू-एस आणि दुसरीकडे लेफ्ट-जस्टिफाइड असलं तर डेटा एका बिटाने सरकतो.

## टप्पा ८: हवी ती प्रॉपर्टी बाइंडिंगमध्ये नसेल तर

आधी पुन्हा सोल्डरिंग आयर्नचा प्रश्न. तरीही उत्तर हो असेल तर नवी प्रॉपर्टी सुचवा, पण जुन्या बाइंडिंगांची नक्कल करू नका. एसजीटीएल५००० मधलं माइक बायस व्होल्टेजचं नाव जुन्या काळातलं आहे: पुढे कंपनीचा उपसर्ग नाही, मागे प्रमाणित एकक नाही. आज तीच प्रॉपर्टी लिहायची तर उपसर्ग आणि शेवटी मायक्रोव्होल्ट लागेल. डब्ल्यूएम८९६० मध्ये तर रजिस्टरचे आकडे थेट डिव्हाइस ट्रीत आहेत. ते चालू बोर्डांसाठी टिकवलेलं आहे, नमुना म्हणून नाही. रजिस्टरचा बिट लिहू नका, ओहम, व्होल्ट, मिलिसेकंद लिहा आणि रूपांतर ड्रायव्हरवर सोडा.

नवी प्रॉपर्टी सक्तीची करू नका. जुन्या डीटीबीवर नवा कर्नल चालायलाच हवा, म्हणून ती नसेल तेव्हा काय धरायचं तेही वर्णनात लिहा. यॅमलमध्ये कमाल-किमान किंवा ठरलेल्या किंमतींची यादी द्या, उदाहरणाच्या नोडात तिचा वापर दाखवा, आणि मेक डीटी_बाइंडिंग_चेक शांतपणे पार पडेपर्यंत पाठवू नका.

पाठवताना बाइंडिंगचा पॅच वेगळा आणि ड्रायव्हरच्या पॅचच्या आधी. कोणाला पाठवायचं ते गेट_मेंटेनर स्क्रिप्टला विचारा. डिव्हाइस ट्रीवाले त्या यादीत असतातच, त्यांना गाळू नका. बोर्डाच्या डीटीएसचा पॅच एसओसीच्या मेंटेनरच्या झाडातून जातो, साउंडच्या नाही, तेव्हा तो मालिकेत सर्वात शेवटी ठेवा किंवा वेगळाच पाठवा.